पायी चालणाराची वाट

कौटिल्याने दुर्गनिवेशाच्या प्रकरणात नगरातील रस्त्यांची जी मापे दिली आहेत, त्यांत राजमार्ग, सैन्याचा मार्ग, स्मशानाकडे जाणारा मार्ग, हत्तींचा, रथांचा व गुरांचा मार्ग अशी यादी संपल्यावर अगदी शेवटी लहान जनावरे व माणसे ह्यांच्याकरिता दोन अरत्नींची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे तीन फुटांची, वाट सांगितली आहे. माणसास शेळ्यामेंढ्यांच्या पंक्तीस बसविले म्हणून कोणास विषाद वाटेल. परंतु ती वाट स्वतंत्र आहे, तिचे माप निश्चित आहे, आणि तिसऱ्या अधिकरणात ती अडविणारास बारा पणांचा दंडही ठेविलेला आहे, ह्या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे विषादाचे कारण उरत नाही. आमच्या जालना शहरात रहदारीच्या रस्त्यावर उभे राहिले असता ह्या तिहींपैकी एक तरी गोष्ट आढळते काय, हे जालनेकर वाचकांनी स्वतः पाहावे. जे वाचक पुण्याचे, नांदेडचे किंवा नाशिकचे असतील त्यांनी आपापल्या शहरात पाहावे. उत्तरात फारसे अंतर पडेल असे वाटत नाही.

विषय क्षुल्लक नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने २०२२ सालचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्या एका वर्षी देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावल्याची नोंद आहे, आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसास नव्वद. ह्या नव्वदांपैकी कोणीही कोणास धडक दिलेली नव्हती. ज्याच्या हाती यंत्र नाही, ज्याच्या अंगी वेग नाही, त्याच्याकडूनच हा बळी घेतला जातो. आणि तो बहुधा शाळेचा विद्यार्थी, भाजी आणावयास निघालेली गृहिणी, किंवा संध्याकाळी देवदर्शनास जाणारा वृद्ध असतो.

जालन्याची रचना ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद व नवा जालना, मध्ये पूल. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी ह्या रस्त्यांवर बैलगाड्या, टांगे व माणसे एवढीच वर्दळ होती, आणि रस्त्यांची रुंदीही त्या बेताची होती. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला; पुढे बियाण्यांचा धंदा आला, लोखंडाचे कारखाने आले, १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला, आणि २०२३ साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. माल वाढला, ट्रक वाढले, दुचाकी तर घरोघर झाल्या. रस्ता मात्र दोन घरांच्या ओट्यांमध्ये जेवढा होता तेवढाच राहिला. मग वाढलेल्या वाहनांस जागा कोणाची मिळाली? जो तक्रार करीत नाही त्याची. पायी चालणारास लेखी मागणी करण्याची सवय नाही. तो वाहन आले की गटाराच्या कडेस सरकतो, आणि पावसाळ्यात त्या कडेस गटार कोठे संपते व रस्ता कोठे सुरू होतो हेही त्यास दिसत नाही.

ह्या सरकण्याचा इतिहासही जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने झालेल्या अपघातांचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, चाक निखळले, अशा प्रसंगी सारथ्यास दोष नाही असे तेथे म्हटले असून, ‘अपेहि’ म्हणजे ‘बाजूस हो’ अशी आरोळी त्याने दिली असेल तरीही तो दंडास पात्र नाही असे सांगितले आहे. आजचा भोंगा म्हणजे यंत्राने दिलेली ही ‘अपेहि’ची आरोळीच होय. भोंगा वाजविला की आपले कर्तव्य संपले, ही समजूत आमच्या वाहनचालकांत इतकी खोल रुजली आहे की तिचे मूळ दोन हजार वर्षांमागे गेले तर नवल नाही. परंतु आजचा कायदा तसे मानीत नाही. २०१७ सालच्या मोटार वाहन चालविण्याच्या नियमांनुसार पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी वेग कमी करून, जरूर तर थांबून, पायी चालणारास वाट देणे हे चालकाचे काम आहे. आरोळीने सुटका नाही.

त्याच अध्यायात पुढे एक विचार आहे, तो मात्र आजही पूर्ण लागू पडतो. सारथी अकुशल असून त्याच्या हातून हिंसा झाली, तर दंड गाडीच्या मालकास करावा असे तेथे आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने हेच केले: अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देऊन अपघात घडला, तर पालक किंवा मालक ह्यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आमच्या सुशिक्षित घरांतून दहावीच्या मुलास शिकवणीकरिता स्कूटर दिली जाते, आणि ‘तो फार सांभाळून चालवितो हो’ असे कौतुकाने सांगितले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

वेगाविषयी शाळेतील गणिताच्या तासाप्रमाणे थोडे सांगतो. वाचकांनी कंटाळू नये. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सव्वाआठ मीटर जाते. ताशी ५० वेगाची जवळजवळ चौदा मीटर. समोर मूल धावत आलेले पाहून चालकाचा पाय गतिरोधकावर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर चाके थांबेपर्यंत लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पहिली मोटार एकंदर तेरा-चौदा मीटरांत उभी राहते. दुसरीस अठ्ठावीसच्या आसपास मीटर लागतात. म्हणजे ज्या ठिकाणी पहिली मोटार थांबलेली असते, त्या ठिकाणी दुसरीचा चालक नुकता पाय दाबू लागलेला असतो. मूल दोन्ही ठिकाणी तेच, चूकही तीच. एका ठिकाणी ते घाबरून घरी जाते, दुसऱ्या ठिकाणी जात नाही. शाळा, रुग्णालये व वस्तीच्या गल्ल्या ह्यांत ताशी ३० ची मर्यादा असावी असा आग्रह जगभर धरला जातो त्याचे कारण इतके साधे आहे.

दुसरे गणित वृद्धांचे. रस्ता ओलांडण्याच्या दिव्यांची वेळ ठरविताना माणूस सेकंदास १.२ मीटर चालतो असे सामान्यतः धरितात. सत्तरीच्या घरातील, गुडघे दुखणारी आजी सेकंदास ०.८ मीटर चालली तरी पुष्कळ झाले. रस्ता चौदा मीटरांचा असला, तर तरुणास बारा सेकंद पुरतात, आजीस साडेसतरा लागतात. मध्ये थांबावयास उंचवटा नसेल, तर ती शेवटचे चार मीटर हिरवा दिवा मिळालेल्या वाहनांच्या तोंडी चालत असते. ह्याला तिचा हळूपणा म्हणावे की दिव्याची घाई, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता नागरिक काय करू शकतात ह्या मुख्य गोष्टीकडे येतो. ह्या बाबतीत महाराष्ट्रात पुण्याचे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. ते यशाचे आहे तितकेच अपुरेपणाचेही आहे, म्हणूनच ते घेतो. पुण्यास सार्वजनिक कामात लेखी निवेदन देण्याची परंपरा १८७० सालच्या सार्वजनिक सभेपासूनची. त्याच परंपरेत अलीकडच्या काळात ‘परिसर’ ह्या संस्थेने आणि प्रशांत इनामदार हे निमंत्रक असलेल्या ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ ह्या गटाने पायी चालणारांचा प्रश्न वर्षानुवर्षे महानगरपालिकेपुढे मांडला. चौकांची पाहणी करावयाची, फूटपट्टीने पदपथ मोजावयाचा, छायाचित्रे जोडावयाची, अभियंत्यास बरोबर घेऊन ती जागा दाखवावयाची, आणि काम झाल्यावर पुन्हा जाऊन मोजावयाचे, असा हा कंटाळवाणा उद्योग आहे. त्यात सभा गाजविण्यास वाव नाही. परंतु २०१६ साली पुणे महानगरपालिकेने पादचाऱ्यांविषयीचे धोरण लेखी मंजूर केले, ते अशा उद्योगाविना झाले नसते. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात पदपथ एवढे रुंद करण्यात आले की त्यावर बाके ठेवता आली, मुलांना खेळता येऊ लागले. मोटारींच्या रस्त्याची जागा कमी करून ती माणसास दिली, हे आपल्याकडे क्वचितच घडते.

त्या आधीपासून, २००६ सालापासून, पुण्यात नागरिकांस पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील लहान कामे सुचविण्याची सोय आहे. पदपथ, दिवा, बसथांबा, असली पाच लाखांपर्यंतची कामे. पाच लाख म्हणजे महानगरपालिकेच्या हिशेबात चिल्लर; परंतु एका शाळेच्या दारापुढील वीस-पंचवीस पावलांचा रस्ता निर्भय करण्यास बहुतेक वेळा त्याहून अधिक लागत नाही.

आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा मधला भाग मोटारींस बंद करून पुण्याने पादचारी दिन साजरा केला. पुढील वर्षांतही तो झाला. ज्यांनी दिवाळीच्या आधी लक्ष्मी रस्त्यावर खांद्यास खांदा लावून, एक डोळा दुकानावर व एक डोळा मागून येणाऱ्या रिक्षावर ठेवून खरेदी केली आहे, त्यांस त्या रस्त्याच्या मध्यावरून चालण्याचा आनंद सांगावयास नको. तथापि वर्षातून एक दिवस हा सणाचा हिशेब झाला. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पदपथावर दुचाकी चढतात. त्या चढू नयेत म्हणून खुंट रोवावे लागतात. ते कधी इतके जवळ रोविले जातात की अपंगाची चाकाची खुर्ची आत जात नाही. धोरण लिहिणे एक, आणि खुंटांमधील अंतर मोजणे दुसरे. पुण्याचा अपुरेपणा ह्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मराठवाड्यातही अगदीच अंधार नाही. नांदेडास २००८ सालच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने काही प्रमुख रस्ते पदपथ, सायकलमार्ग व झाडे ह्यांसह नव्याने बांधले गेले. आमच्या शेजारचे छत्रपती संभाजीनगर २०२२ साली, तेव्हाच्या औरंगाबाद ह्या नावाने, केंद्र सरकारच्या माणसांसाठी रस्ते घडविण्याच्या स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांपैकी एक होते. जालन्याहून ते सुमारे साठ किलोमीटर. जाऊन पाहून येण्यास एक दिवस पुरे.

परदेशाचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. हॉलंड म्हटले की सायकलींचा देश अशी आपली कल्पना; परंतु १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. १९७२ साली विक लांगेनहॉफ नावाच्या एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आयाबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, गल्ल्या बंद करून तेथे जेवणाची टेबले मांडली. पण विशेष हे की चळवळ तेवढ्यावर थांबली नाही. तिने गल्लीगल्लीचे नकाशे केले, आणि सरकारने तिला द्रव्यसाहाय्यही दिले. डेल्फ्ट शहरात वस्तीच्या गल्लीत मुद्दाम वळणे, झाडे व बाके ठेवून मोटारीस माणसाच्या चालीने चालावयास लावण्याची युक्ती निघाली. १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली. आज त्या देशात रस्त्यांवरील मृत्यू वर्षास सातशेच्या आसपास आहेत. डच माणूस जन्मतःच शहाणा असतो असे नाही. पन्नास वर्षे त्याने रस्ता बदलत आणिला.

आपल्याकडे कायद्याचा पाठिंबा आता कमी नाही. तमिळनाडूतील एस. राजशेखरन ह्या अस्थिशल्यविशारदांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात रस्तेसुरक्षेविषयी याचिका केली. मोडलेली हाडे जोडता जोडता ती मोडतात कोठे ह्याचा त्यांनी विचार केला, हे वैद्यकाच्या पेशास भूषण आहे. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने असे म्हटले की, चालण्याजोगा, अतिक्रमणमुक्त पदपथ मिळणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे पदपथ ही महानगरपालिकेची मेहेरबानी नव्हे. भारतीय रस्ते काँग्रेसची प्रमाणेही छापील आहेत: वस्तीत पदपथाची निर्वेध रुंदी निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट. उंची १५० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या फुटाहून अधिक नको. पुष्कळ ठिकाणी तो दीड फूट उंच बांधितात. मग वृद्ध त्यावर चढत नाहीत, आणि ‘बांधून दिला तरी लोक वापरीत नाहीत’ असे वर ऐकावे लागते.

ह्यापुढचे लिहिणे थोडे अप्रिय आहे. पदपथ अडविणारांत भाजीवाली व फेरीवाला ह्यांचीच नावे आपण प्रथम घेतो. परंतु आपल्या दारातील मोटार वर चढावी म्हणून रस्त्यावर दोन हात पुढे आलेला सिमेंटचा उतार कोणाचा? दाराबाहेर रात्रंदिवस उभी असलेली दुसरी गाडी कोणाची? कुंपणाबाहेर लावलेल्या कुंड्या व त्यांभोवतीची जाळी कोणाची? ही घरे शिकलेल्यांची आहेत. फेरीवाल्यांकरिता २०१४ सालचा स्वतंत्र कायदा आहे, त्यात समिती आहे, जागा नेमून देण्याची तरतूद आहे. त्या बाईस उठविण्याचा अर्ज देण्यापूर्वी आपला उतार आपण काढला, तर अधिकाऱ्यापुढे बोलताना आवाज निराळा निघतो. आणि भाजीवाली सहा फूट सोडून बसली, तर तिच्यामुळे रस्त्यावर माणसांची जाग राहते, दिवेलागणीनंतर स्त्रियांस तेथून जाण्यास भय वाटत नाही, हाही विचार करावा.

अर्जांविषयी अनुभवाचे चार शब्द. ‘आमच्या भागातील रस्ता अत्यंत धोकादायक झाला असून त्वरित उपाययोजना व्हावी’ ह्या अर्जाचे अधिकारी काय करील? तो फाइलीत लावील. दुसरे काही करणे त्यास शक्यच नाही. त्याऐवजी, अमुक शाळेच्या फाटकापुढे, सकाळी अमुक ते अमुक ह्या अर्ध्या तासात, इतकी मुले रस्ता ओलांडतात, इतकी वाहने जातात, रस्त्याची रुंदी इतकी, पट्टे पुसले गेलेले, दिव्याचा खांब बंद, असे मोजून लिहिले व खाली शाळेच्या मुख्याध्यापकांची व पंचवीस पालकांची सही घेतली, तर तो कागद अभियंत्याच्या टिपणीत जसाच्या तसा उतरतो. त्याचे अर्धे काम आपण केलेले असते. मोजणीकरिता टेप, वही व दोन दिवस लागतात. निवृत्त मंडळी आमच्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांस सकाळी फिरावयास जावयाचेच असते. स्त्रियांनी मोजणीस अवश्य असावे, कारण कडेवर मूल व हातात पिशवी घेऊन कोठे अडते, हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही.

अर्ज कोणाकडे द्यावयाचा हेही आधी विचारून घ्यावे. शहरातील काही रस्ते महानगरपालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, महामार्गाचा तुकडा असेल तर आणखी कोणाचा. आणि वाहतुकीची व्यवस्था पोलिसांच्या वाहतूक शाखेची. ह्या चौघांत एक कागद वर्षभर फिरू शकतो. चौघांस एकाच दिवशी एकच अर्ज देऊन प्रत्येकाची पोच घ्यावी, हा साधा उपाय आहे. काम मंजूर झाल्यावर २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून त्याचे अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुस्तिकेत १.८ मीटर व रस्त्यावर १.२ मीटर असे आढळले, तर भांडण न करता, टेप घेऊन, अभियंत्यासमक्ष पुन्हा मोजावे. प्रामाणिक अभियंत्यासही अशा साक्षीदारांची गरज असते. ठेकेदारापुढे तो पुष्कळदा एकटा पडलेला असतो.

घाणेवाडीच्या जलाशयातील गाळ काढावयाची वेळ आली तेव्हा जालन्याचे लोक वर्गणी घेऊन पुढे आले होते, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. पाण्याची ओढ सर्वांस एकदम लागते. रस्त्यावरचे मरण एकेका घरी येते, म्हणून त्याकरिता शहर एकत्र होत नाही. शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना ह्या शहरातून जाते तेव्हा मात्र ट्रकही कडेस थांबतात, आणि पायी चालणाराला सारा रस्ता मिळतो.

महानगरपालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. नवी सभा आहे, तिच्या चालीरीती अजून बसावयाच्या आहेत. प्रभागातील सभासद नवखा असेल तर त्यास मोजलेले आकडे हवेच असतात. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. मार्च-एप्रिलात, परीक्षेच्या दिवसांत मुले ये-जा करीत असतानाच, पाच शाळांच्या दारांपुढील मोजणी झाली व कागद वेळेवर पोहोचले, तर पांढरे पट्टे, वेगमर्यादेचा फलक, एक बेताचा गतिरोधक व दिव्याची दुरुस्ती एवढी कामे पावसापूर्वी होऊ शकतात. पट्ट्यांचा रंग पावसाळ्यात धुऊन जातो. दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा मारून घ्यावे लागतील, आणि त्याचा अर्ज गणपतीतच द्यावा लागेल.